गज सोडला की कोन का उघडतो? मोटरसायकलच्या कॅरिअरसाठी लोखंड वाकवण्यामागचा हिशेब

गज व्हाइसमध्ये आवळायचा, मोकळ्या टोकावर लांब पाइप चढवायचा आणि गुण्याला टेकेपर्यंत ओढायचा. कोन बरोबर ९० अंश येतो. पाइपवरचा हात सैल केला की तोच कोन ९२ किंवा ९३ होऊन बसतो. चिडून पुन्हा ओढावं तर ८७. मोटरसायकलसाठी स्वतःच्या मापाचं कॅरिअर बनवायला घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव पहिल्या तासातच येतो. बहुतेक जण दोष आपल्या हाताला देतात, नाहीतर व्हाइसला. खरं तर पोलाद अगदी नियमाने वागत असतं. तो नियम कळला की अंदाजाने ओढाओढ करायची गरज राहत नाही.

दोन-तीन अंशांनी काय होतंय, असं वाटू शकतं. कॅरिअरची एक बाजू ४०० मिमी लांब असेल तर २ अंशांच्या चुकीने तिचं टोक १४ मिमी सरकतं आणि ३ अंशांच्या चुकीने २१ मिमी. बाइकच्या सांगाड्यावरचं बोल्टचं भोक साधारण ८ मिमीच्या बोल्टसाठी असतं. ते आणि कॅरिअरचं भोक एकमेकांसमोर येतच नाही. मग पाना लावून, गज खेचून बोल्ट कसाबसा बसवला जातो, आणि त्या क्षणापासून कॅरिअर सामान नसतानाही ताणाखाली असतं. त्याचे परिणाम पुढे येतीलच.

## वाकताना गजाच्या आत काय होतं?

जाड खोडरबर घ्या, त्याच्या बाजूवर पेनने एकमेकींना समांतर अशा उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. बाहेरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून लांब जातात, आतल्या अंगाला जवळ येतात. मधोमध अशी एक जागा असते जिथे त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. गजातही हेच होतं: बाहेरचा अर्धा भाग ताणला जातो, आतला दाबला जातो. मधल्या न बदलणाऱ्या जागेला तटस्थ रेषा म्हणतात. गोल गजात ती जवळपास मध्यातूनच जाते.

आता आकडे घालून पाहू. १२ मिमी जाडीचा गज ३० मिमी त्रिज्येच्या गोल तुकड्याभोवती वाकवला, तर गजाच्या मध्याची त्रिज्या ३६ मिमी होते. बाहेरचा पृष्ठभाग मध्यापासून ६ मिमी दूर आहे. म्हणून तो ३६ ला ६ या प्रमाणात, म्हणजे सुमारे १७ टक्के ताणला जातो. हाच गज १२ मिमी त्रिज्येवर वाकवला तर बाहेरच्या थराला ३३ टक्के ताणावं लागतं.

बाजारात ‘एमएस’ म्हणून मिळणारं मऊ पोलाद सरळ ओढलं तर तुटण्याआधी साधारण २० ते २५ टक्के लांबतं. वाकवताना ही मर्यादा थोडी ओलांडता येते, कारण सर्वांत जास्त ताणला जाणारा थर पातळ असतो आणि त्याच्या खालचं लोखंड त्याला धरून ठेवतं. म्हणूनच चांगला एमएस गज अगदी आवळून वाकवला तरी अनेकदा तडकत नाही. पण त्याची ताणली जाण्याची ताकद बरीचशी तिथेच खर्च झालेली असते. बाहेरच्या अंगावर हॅक्सॉचा ओरखडा किंवा ग्राइंडरची आडवी रेघ असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

कामाचा नियम असा: आतली त्रिज्या गजाच्या जाडीच्या निदान दुप्पट ठेवा, अडीचपट-तिप्पट असेल तर उत्तम. १२ मिमीच्या गजाला २४ ते ३६ मिमी. व्हाइसच्या जबड्याच्या काठावर गज थेट वाकवला की त्रिज्या त्या काठाएवढीच उरते, म्हणजे जवळजवळ नाहीच. वर हातोड्याने ठोकलं की गज तिथे चपटा होतो आणि ठोकल्याच्या खुणा पडतात. मला विचाराल तर कॅरिअरच्या कामात सर्वांत जास्त नुकसान हा व्हाइसचा धारदार कोपरा करतो.

उपाय सोपा आहे. ६० मिमी बाहेरच्या व्यासाच्या जाड पाइपचा तुकडा जाड पट्टीवर वेल्ड करा, शेजारी गज जेमतेम बसेल एवढ्या अंतरावर एक मजबूत खुंटी लावा. झाला ३० मिमी त्रिज्येचा साचा, ज्याला कारखान्यात डाय म्हणतात. विकतच्या बेंडरमध्येही मूळ रचना हीच असते. फक्त गज डायवर दाबत पुढे नेणारी फिरती गरारी जास्तीची असते.

## सोडल्यावर गज मागे का येतो?

पोलाद थोडंसं ताणलं आणि सोडलं तर ते पूर्ण मूळ लांबीवर येतं. एका मर्यादेपलीकडे ताणलं की त्यातला काही भाग कायमचा लांबतो. ही मर्यादा म्हणजे यील्ड पॉइंट. मऊ पोलादात तो सुमारे २५० मेगापास्कल ताणाला येतो आणि तोवर लांबी फक्त ०.१२५ टक्का वाढलेली असते. म्हणजे एक मीटर गज सव्वा मिलिमीटर ताणला जाईपर्यंत त्याला काहीच झालेलं नसतं.

वाकवताना गजाचा बाहेरचा आणि आतला थर ही मर्यादा केव्हाच पार करतो. पण तुम्ही जोर काढलात की प्रत्येक थर आपला परत येण्यासारखा वाटा परत घेतो. सगळ्या थरांनी मिळून तो घेतला की कोन थोडा उघडतो. याला स्प्रिंगबॅक म्हणतात.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. कोपऱ्याचा आवळ वाक कमी उघडतो आणि लांब, सैल वळण जास्त उघडतं. मघाचाच १२ मिमी गज ३६ मिमी मध्यत्रिज्येवर ९० अंश वाकवला, तर तो साधारण १ ते ३ अंशच मागे येतो. तोच गज ३०० मिमी त्रिज्येच्या मोठ्या कमानीत ९० अंश वळवला, तर ९-१० अंश किंवा त्याहूनही जास्त मागे जातो. कारण लोखंडाला परत घेता येणारा वक्रपणा दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. आवळ वाकात तो एकूण वक्रपणाचा छोटा हिस्सा ठरतो, सैल वळणात मोठा. त्रिज्या वाढवत ४.८ मीटरपर्यंत नेली तर हा १२ मिमीचा गज काहीच आकार घेत नाही, सोडला की सरळ.

म्हणून सीटच्या मागची गोलाई आणि कोपरे यांना ‘दोन अंश जास्त वाकव’ हा एकच ठोकताळा लावला की एक तरी चुकणारच.

त्यात लोखंडाचा प्रकारही आला. पोलाद मऊ असो की कडक, त्याचा ताठरपणा, म्हणजे ठरावीक ताणाला किती लांबायचं हे प्रमाण, जवळपास सारखाच असतो. पण कडक पोलादाचा यील्ड पॉइंट उंच असतो, त्यामुळे तेवढंच वाकवल्यावर ते जास्त मागे येतं. जाड गज त्याच त्रिज्येवर बारीक गजापेक्षा कमी मागे येतो. एकाच दुकानातून एकाच मापाचे दोन गज आणले तरी दोघांचा स्प्रिंगबॅक थोडा वेगळा निघू शकतो.

त्यामुळे कागदावर अंश काढत बसण्यापेक्षा ज्या गजाचं कॅरिअर करायचंय त्याच गजाचा तुकडा आधी वाकवून बघावा. डायवर किती ओढल्यावर सोडून ९० उरले, त्या जागी पट्टीवर खूण करा. पुढचे सगळे वाक त्या खुणेपर्यंत.

खुणेच्या अलीकडे थांबलात तर थोडं आणखी ओढता येतं, त्याने काही बिघडत नाही. पलीकडे गेलात तर गज उलटा सरळ करावा लागतो, आणि ते टाळण्यासारखं आहे. वाकलेला भाग आतून घट्ट झालेला असतो. लोखंडाच्या स्फटिकांमधले सरकणारे दोष एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड होतं. तार पुढे-मागे वाकवत राहिलो की ती आधी ताठ होते आणि मग तुटते, त्यामागे हेच आहे. शिवाय उलट दिशेला गज अपेक्षेपेक्षा लवकर ढिला पडतो, म्हणजे कोन दुरुस्त करतानाच पुन्हा चुकतो. एकदा थोडंसं मागे घेणं माफ. तीनदा पुढे-मागे केलेला वाक मात्र कॅरिअरच्या मुख्य भागात न वापरलेला बरा.

## गज किती लांब कापायचा?

बाहेरून बाहेर २०० मिमी आणि २०० मिमी अशा दोन बाजूंचा काटकोन हवाय. गज ४०० मिमी कापायचा का? नाही. कोपरा गोल आहे, आणि गोल रस्ता टोकदार कोपऱ्यापेक्षा जवळचा.

आतली त्रिज्या ३० मिमी आणि गज १२ मिमी, म्हणजे बाहेरची त्रिज्या ४२ मिमी. प्रत्येक बाजूचा सरळ भाग २०० वजा ४२, म्हणजे १५८ मिमी. वाकाची लांबी मोजायची ती तटस्थ रेषेवर, कारण तीच एक लांबी बदलत नाही. ३६ मिमी त्रिज्येचं पाव वर्तुळ म्हणजे सुमारे ५६.५ मिमी. एकूण १५८ अधिक १५८ अधिक ५६.५, म्हणजे ३७२.५ मिमी. ४०० कापला असता तर प्रत्येक वाकामागे २७.५ मिमी जास्तीचे आले असते. चार वाकांच्या चौकटीत हा फरक ११० मिमी होतो.

अनुभवी कारागीर मात्र हा हिशेब करूनही दोन्ही टोकांना थोडा गज जास्त ठेवतात आणि सगळे वाक झाल्यावरच अंतिम माप कापतात. जास्तीच्या टोकाचा दुसरा फायदा असा की शेवटच्या वाकाला पकडायला आणि पाइप चढवायला जागा मिळते. आखूड टोक वाकवणं जवळपास अशक्य असतं.

## जोर किती लागतो, आणि तो आकडा पुढे का आठवायचा?

१२ मिमीचा मऊ गज पूर्ण वाकायला लागण्यासाठी सुमारे ७२ न्यूटन-मीटर बल-आघूर्ण लागतं. बल-आघूर्ण म्हणजे जोर गुणिले दांडीची लांबी. अर्धा मीटर दांडी असेल तर टोकाला साधारण १५ किलोचा जोर. वाक पुढे जाईल तसं लोखंड घट्ट होत जातं आणि प्रत्यक्षात याच्या दीडपट-दुप्पट जोर लागू शकतो. तरी दीड मीटरचा पाइप घेऊन लटकण्याची गरज नाही. पाइप गजावरून निसटला किंवा व्हाइसमधून गज सुटला, तर लांब पाइप तितक्याच वेगाने अंगावर येतो. उभं राहताना तोंड दांडीच्या वाटेबाहेर ठेवावं.

७२ न्यूटन-मीटर हा आकडा लक्षात ठेवा. त्याआधीचा एक छोटा आकडाही आहे: बाहेरचा थर पहिल्यांदा कायमचा ताणला जाऊ लागतो तो सुमारे ४२ न्यूटन-मीटरला.

आता कॅरिअर बाइकवर बसलंय असं धरा. शेवटच्या आधारापासून ३०० मिमी मागे १० किलोची बॅग आहे आणि तिचं वजन दोन गजांवर वाटलं गेलंय. बाइक उभी असताना प्रत्येक गजावर १५ न्यूटन-मीटरसुद्धा येत नाहीत. खड्ड्यात मागचं चाक आदळून बॅगेचा भार क्षणभर तिप्पट झाला, तर प्रत्येक गजावर सुमारे ४४ येतात, म्हणजे ४२ ची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे तुम्ही व्हाइसवर हाताने जे केलंत ते रस्ता करायला लागतो. १० मिमीच्या गजात हीच मर्यादा साडेचोविसाच्या आसपास असते, कारण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाने बदलते.

यावर अनेकांची पहिली प्रतिक्रिया ‘मग १६ मिमीचा गज घालू’ अशी असते. माझ्या मते ती चुकीची दिशा आहे. गजाचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर दर मीटरला किलोग्रॅममध्ये. १० मिमीचा गज मीटरला ०.६२ किलो, १२ चा ०.८९ आणि १६ चा १.५८ किलो भरतो. तीन-चार मीटर गज लागणाऱ्या कॅरिअरमध्ये १२ ऐवजी १६ घेतला तर हा फरक दोन ते पावणेतीन किलोंवर जातो, आणि तोही मागच्या चाकाच्या मागे. त्यापेक्षा बॅगेच्या खालून सांगाड्यापर्यंत एक तिरका आधार दिला तर ३०० मिमीचा लोंबता भाग १०० वर येतो आणि प्रत्येक गजावरचं बल-आघूर्ण एक तृतीयांश होतं. या आधारासाठी १० मिमीचा एक छोटा गजही पुरतो.

## ‘तापवून वाकवलं की सोपं जातं, मग थंड कशाला?’

तापवल्यावर जोर खूपच कमी लागतो आणि स्प्रिंगबॅकही जवळजवळ नाहीसा होतो, हे खरं आहे. १६ मिमी किंवा त्याहून जाड गज आवळ त्रिज्येवर वाकवायचा असेल तर तापवणं शहाणपणाचं. पण १०-१२ मिमीसाठी ते बहुधा नको असतं.

पहिलं कारण, तापलेला भाग लांबीत सारखा नसतो. जिथे जास्त लाल तिथे जास्त वाक, त्यामुळे दोन बाजू एकसारख्या येत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसमध्ये मऊ पोलाद थंड असतानापेक्षा ठिसूळ असतं. या तापमानाला घासलेल्या पृष्ठभागावर निळसर रंग चढतो. ‘थोडं गरम करून वाकवतो’ म्हणणारा नेमका याच पट्ट्यात काम करतो. एक तर पूर्ण थंड, नाहीतर पूर्ण लाल ते नारिंगी, म्हणजे ८०० ते ९५० अंशांच्या आसपास. लाली उतरून काळा पडू लागला की थांबायचं आणि पुन्हा तापवायचं. पिवळा-पांढरा होऊन ठिणग्या उडू लागल्या तर ते लोखंड जळालं. तो तुकडा कापून टाकण्याशिवाय इलाज नाही. वाकवून झाल्यावर पाण्यात बुडवायचं नाही, हवेतच गार होऊ द्यायचं.

आणि जस्ताचा थर असलेला, म्हणजे जीआय गज किंवा पाइप, तापवायचा नाही आणि थर न काढता वेल्डही करायचा नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर नाकात गेला तर काही तासांनी थंडी-ताप येतो. क्रोमचा थर असलेल्या नळ्या त्याहूनही घातक.

## ‘कापून जोड दिला तर वाकवायचा त्रास वाचेल’

दिसायला दोन्ही सारखेच. कोपरा ४५ अंशांत कापा, वेल्ड करा, घासा, रंग द्या. टेबल असतं तर मी काहीच म्हटलं नसतं.

मोटरसायकल थरथरते. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८३, तासाला ३ लाख. प्रत्येक फेरीला कॅरिअर किंचित हलतं. एकदा दिलेला जो भार लोखंड सहज पेलतं, तोच लाखो वेळा आला की त्याला तडा जाऊ शकतो. याला थकवा म्हणतात. गुळगुळीत पोलादाची थकव्याची मर्यादा ते एका झटक्यात तुटायला लागणाऱ्या ताणाच्या साधारण निम्म्यावर असते. त्याखाली ते कितीही वेळा हललं तरी टिकतं. वेल्डच्या कडेला मात्र ही मर्यादा खूप खाली घसरते. वेल्डचा फुगवटा जिथे मूळ गजाला भेटतो तिथे एक बारीक खाच असते, आणि ताण तिथेच गोळा होतो. जास्त मजबूत पोलाद वापरून यात काही फरक पडत नाही, कारण तडा खाचेतून सुरू होतो.

गोल वाकात अशी खाच नसते. म्हणून जिथे भार जास्त तिथे सलग वाकवलेला गज आणि वेल्ड कमी भाराच्या ठिकाणी, ही कॅरिअरची मांडणी. वाकाला लागूनच वेल्ड घेणंही टाळावं. थंड वाकवलेलं लोखंड नंतर तापलं की काही पोलादांत तो भाग आणखी ठिसूळ होतो. गजाच्या जाडीच्या चार-पाचपट अंतर सोडलं तर काळजी नाही.

## टीएमटी, स्टेनलेस, पाइप: यांचं काय?

बांधकामावर उरलेली टीएमटी सळई फुकट मिळते, म्हणून ती नेहमी पुढे येते. तिची बाहेरची कडी उष्णता आणि पाण्याने मुद्दाम कडक केलेली असते, आतला गाभा मऊ. यील्ड पॉइंट सहसा मऊ पोलादाच्या दुप्पट, त्यामुळे स्प्रिंगबॅक मोठा. तापवली तर ती कडक कडी निघून जाते, आणि अंगावरच्या प्रत्येक कंगोऱ्याच्या मुळाशी थकव्याला हवी तशी खाच आयतीच तयार असते. काँक्रीटमध्ये ती उत्तम. कॅरिअरला नको.

ब्राइट बार, म्हणजे थंड ओढून चकचकीत केलेला गज, मापाला नेमका असतो. पण ओढतानाच त्याची ताणली जाण्याची क्षमता काहीशी खर्च झालेली असते. वाकवायला काळपट, गरम रोल केलेला गजच बरा.

स्टेनलेस गंजत नाही, पण वाकवताना एमएसपेक्षा लवकर घट्ट होतं आणि जास्त मागे येतं. जमेल, फक्त खुणा नव्याने ठरवाव्या लागतील. ॲल्युमिनियमचा कडक केलेला गज थंड वाकवताना सहज तडकतो, आणि थकव्याची सुरक्षित मर्यादा त्याला पोलादासारखी स्पष्ट नसतेच.

गजापेक्षा पाइप बरा, हा मुद्दा मात्र खरा आहे. १६ मिमी बाहेरचा व्यास आणि २ मिमी जाडीचा पाइप मीटरला ०.६९ किलो भरतो, म्हणजे १२ मिमीच्या भरीव गजापेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त हलका. तरीही तो दुपटीहून थोडा अधिक ताठ असतो. कारण वाकण्याला विरोध करण्यात मध्यातलं लोखंड जवळजवळ काहीच काम करत नाही. मग घरी बनवणारे भरीव गजाकडे का वळतात? पाइप वाकवताना आतली भिंत चुरगळते आणि नळी चपटी होते, एकदा चपटी झाली की ताठरपणा गेला. त्यासाठी नळीच्या मापाची खोबण असलेला डाय हवा, किंवा आत कोरडी वाळू ठासून दोन्ही टोकं बंद करावी लागतात. वाळू ओली असेल आणि पाइप तापवला तर आत वाफ कोंडून टोकाचं बूच गोळीसारखं उडतं. योग्य बेंडर हाताशी असेल तर पाइपच घ्या. नसेल तर गज.

## एकामागून एक वाक

एक वाक जमला म्हणजे कॅरिअर जमलं असं नाही. खरी गुंतागुंत वेगवेगळ्या पातळ्यांतल्या वाकांची असते. पहिला वाक आडवा, दुसरा खाली, तिसरा पुन्हा आत. दोन वाकांमध्ये गज स्वतःभोवती थोडा फिरला की सगळी चौकट पिळलेली येते. वाकवण्याआधी गजाच्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत खडूची एक सरळ रेघ मारावी. प्रत्येक वाकाच्या वेळी ती रेघ डायच्या संदर्भात कुठे आहे ते पाहिलं की पीळ लगेच कळतो.

त्याही आधी बारीक तारेचा किंवा वेल्डिंगच्या काडीचा नमुना बाइकवरच वाकवून बघावा. सायलेन्सर, इंडिकेटर, नंबर प्लेट, सीट उघडायची जागा, हे सगळं तारेला सांभाळता येतंय का ते तिथेच कळतं. नमुना बघितला की वाकांचा क्रमही ठरतो: आधी केलेला वाक पुढच्या वाकाच्या वेळी टेबलाला किंवा हत्याराला आडवा येतो का? येत असेल तर क्रम बदला. दोन वाकांमध्ये हत्याराने पकडण्याइतका सरळ भागही हवा.

डावी आणि उजवी बाजू एकमेकींचं आरशातलं रूप असते, एकसारखी नव्हे. पहिली बाजू छान जमली की दुसरी अगदी तशीच बनवली जाते आणि दोन डाव्या बाजू हातात येतात. वाकवण्याआधीच गजावर ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवणं हास्यास्पद वाटतं, पण काम वाचवतं.

## बाइकवर चढवताना

सुरुवातीला म्हटलेला खेचून लावलेला बोल्ट आता पुन्हा पाहू. चुकलेला कोन ओढून बसवला की गजात आणि वेल्डमध्ये कायमचा ताण राहतो, आणि थरथरीचा ताण त्याच्यावर चढतो. भोकं समोरासमोर येत नसतील तर कॅरिअर काढून कोन दुरुस्त करावा, किंवा कॅरिअरच्या पट्टीतलं भोक थोडं लांबट करून मोठा वॉशर घालावा. सांगाड्यावर थेट वेल्ड करायचा नाही. सांगाड्याच्या नळीची जाडी आणि धातू आपल्याला माहीत नसतो. शिवाय वेल्डिंगचा करंट बाइकच्या इलेक्ट्रॉनिक भागांतून गेला तर ते जळू शकतात. बोल्टसाठी आधीच दिलेल्या जागाच वापराव्यात.

मागच्या चाकाच्या आसापलीकडे ठेवलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं. दोन चाकांमधलं अंतर १३०० मिमी असेल आणि १० किलो आसाच्या ४०० मिमी मागे असतील, तर पुढच्या चाकावरून सुमारे ३ किलो कमी होतात आणि मागच्यावर १३ वाढतात. उंच आणि मागे बांधलेलं सामान असेल तर वेगात बाइक डोलायला लागते. कॅरिअर कितीही भक्कम झालं तरी बाइकच्या पुस्तिकेत मागच्या भाराची जी मर्यादा दिली असेल ती वाढत नाही. ती सांगाड्याची आणि तोल सांभाळण्याची मर्यादा आहे, गजाची नाही.

दोन माणसं बसवून शॉकअप पूर्ण दाबला जातो तेव्हा चाक, मडगार्ड आणि कॅरिअर यांच्यात जागा उरते का, हेही बघून घ्यायचं. पहिल्या काही लांब फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे आणि प्रत्येक वेल्डच्या कडेचा रंग जवळून पाहायचा. तिथे केसासारखी गंजलेली रेघ दिसली तर तो तडा आहे. त्याच्यावरूनच आणखी वेल्ड चढवला तर तडा आत तसाच राहतो. तो पूर्ण घासून काढायचा, खालपासून नवा वेल्ड भरायचा, आणि तो सांधा एवढा का हलत होता हे शोधायचं. बहुतेक वेळा तिथे तिरका आधार कमी पडलेला असतो.